हर्मीसच्या डाइव्हला राखीव गॅस एक तृतीयांश पुरेल का?

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी, समुद्र आपल्या नागपूरपासून कुठच्या कुठे पण वेड जुनं आहे, कोर्स सगळे अंदमानात केले. येत्या मे महिन्यात श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ एचएमएस हर्मीसवर जायचं ठरवून राहिलो, जपान्यांनी ९ एप्रिल १९४२ ला बुडवलेलं ते विमानवाहू जहाज, तळ साधारण ५३ मीटर. पाठीवर ट्विन म्हणजे १२ लिटरच्या दोन टाक्या, २०० बार दाबाने भरलेल्या, त्यात ट्रायमिक्स २१/३५ (२१ टक्के ऑक्सिजन, ३५ टक्के हीलियम, बाकी नायट्रोजन), वर येताना ५० टक्के नायट्रॉक्सची (५० टक्के ऑक्सिजनवाल्या मिश्रणाची) एक स्टेज, म्हणजे बाजूला लावलेली जादा टाकी. माझा गॅस वर मिनिटाला २० लिटर लागतो, म्हणजे खाली ६.३ पट दाबात १२६, तर २० मिनिटांचे २५२० अन टाक्यांत आहेत ४८००. एक तृतीयांश राखला तरी आरामात बसतं नं?

खोलपाणी:
भाऊ, नाही बसत. तृतीयांश म्हणजे ६६ बार. आता समज तळाशी बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, गॅस पूर्ण गेला. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो, दोघांचे ६०. दोन मिनिटं गोंधळ निस्तरायला, त्याचे ७५६ लिटर, मग २१ मीटरपर्यंत, जिथे स्टेजचा गॅस घेता येतो, चार मिनिटं वर यायचं, सरासरी ४.७ पट दाबाने त्याचे ११२८. बेरीज १८८४, तुझ्या ट्विनवर जवळपास ८० बार. हे ८० आधी बाजूला काढ अन उरलेल्या १२० बारचाच हिशेब कर. जहाजाच्या आत शिरणार असशील तर तृतीयांश त्या १२० चे, म्हणजे ४० बार वापरले की मागे फिरायचं. मिक्स मात्र बरोबर घेतलंय, ५३ वर नायट्रोजनची नशा ३१ मीटरवर साध्या हवेने चढते तेवढीच राहते.

अजून एक, बोटीवर उन्हात तापलेल्या टाकीवर २०० दिसतात, पाण्यात गेल्यावर तेच १९० होतात. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या टायरची हवा सकाळ-दुपार बघितली असशील, तेच हे.

सक्करदऱ्याची ताई:
दादांनी सगळं सांगितलंय पण ५० टक्केवाली स्टेज हाताशी नसेलच तर काय हे कोणी विचारलं नाही. माझं एकदा २१ मीटरवर स्टेजचं रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) फ्री फ्लो व्हायला लागलं, म्हणजे गॅस आपोआप वाहायला लागला, बंद करावं लागलं अन सगळा डेको, म्हणजे अंगात मुरलेला गॅस निघावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे, बॅक गॅसवर (पाठीवरच्या टाक्यांवर) काढला, वेळ कितीतरी वाढला अन गेजकडे बघत बघत ते थांबे काढणं मी कधी विसरणार नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्टेजशिवायचा प्लॅन पण चालव, दोन्ही प्लॅनच्या वेळा स्लेटवर, म्हणजे पाण्यात न्यायच्या पाटीवर, लिही. अन परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान २४ तासांनी ठेव बाळा, सुट्टी वाचवायच्या नादात हे चुकवू नको.

धरमपेठकर:
ताई, दादा, खूप आभार. रात्री बसून परत मांडलं. १९० बार धरले अन ८० राखले तर वापरायला ११० बारचे २६४० लिटर, त्यात खाली जातानाचे २०० वर जातात, म्हणजे २० मिनिटं पाण्यात शिरल्यापासूनच मोजावी लागतील. अन माझ्या बडीला मिनिटाला २४ लिटर लागतात हे मी धरलंच नव्हतं! आता त्याच्या हिशेबाने १६ मिनिटं, आत शिरणं रद्द, फक्त बाहेरून बघू. स्टेजशिवायचा प्लॅन उद्या चालवतो अन इथेच टाकतो, बघाल का?