अंगठा की चिमूट? ट्रान्समीटरच्या स्टिक नेमक्या कशा धराव्यात?

नवशिका_नाशिक

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर मी आर.सी. (रेडिओने दुरून चालवायचे) विमान उडवायला सुरुवात केली. माझ्याकडे १.४ मीटर पंखविस्ताराचे, हाय-विंग जातीचे (पंख धडाच्या वर असलेले) फोमचे ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचे विमान आणि फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा ट्रान्समीटर आहे. मोड २ आहे, म्हणजे डाव्या हाताला थ्रॉटल (मोटारचा जोर) व रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे), आणि उजव्या हाताला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारे) व आयलेरॉन (पंख डावी-उजवीकडे कलवणारे). मैदानावर जाण्याआधी दोन महिने मी घरी संगणकावर पिकासिम या सिम्युलेटरमध्ये सराव केला. त्या काळात हात पाहून सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे व्हिडिओ गेमच्या जुन्या सवयीने दोन्ही अंगठे स्टिकच्या टोकांवर टेकवून उडवणेच अंगवळणी पडले.

आमच्या मैदानावर जे काका शिकवतात, त्यांनी पहिल्याच दिवशी माझे हात पाहून सांगितले की स्टिक चिमटीत, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, धरायला शीक, अंगठ्यावर फार पुढे जाता येणार नाही. त्यांचा शब्द मोडू नये म्हणून मी तीन रविवार चिमटीत धरून पाहिले. परंतु ट्रान्समीटर हातातून पुढे कलंडतो, सगळा भार करंगळी आणि अनामिकेवर येतो, आणि एखादा स्विच फिरवायचा म्हटले की उजवा हात स्टिकवरून काढावाच लागतो. पुन्हा अंगठ्यावर आलो, तर तिथे दुसरेच दुखणे आहे. उतरवताना विमान जमिनीपासून हातभर उंचीवर येते, नाक उचलण्यासाठी मी एलेव्हेटर मागे ओढतो आणि नेमका त्याच क्षणी उजवा पंख खाली जातो. दर वेळी उजवाच. काका म्हणतात, हा अंगठ्याचा दोष. मैदानावर क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) उडवणारा एक मुलगा म्हणतो, काकांची पद्धत जुन्या काळची आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे?

पश्चिमवारा

काकांचे निदान बरोबर असावे असे मलाही वाटते, परंतु त्यांचे किंवा माझे म्हणणे मान्य करण्याआधी आपण ते घरी तपासून घ्यावे, कारण त्याला विमान लागत नाही आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. विमानाची बॅटरी काढून ठेवा, ट्रान्समीटर सुरू करा आणि मेनूमधून डिस्प्लेच्या पानावर जा, जिथे प्रत्येक चॅनेलची आडवी पट्टी दिसते. आपल्या ट्रान्समीटरवर पहिली पट्टी आयलेरॉनची आणि दुसरी एलेव्हेटरची आहे. आता नेहमीप्रमाणे अंगठा ठेवा, डोळे मिटा, आणि उतरवताना जसे ओढता तसे एलेव्हेटर सावकाश मागे ओढून तिथेच थांबा. मग डोळे उघडून पहिली पट्टी मध्यावर आहे की सरकली आहे ते पाहा.

ती सरकलेली असेल, तर त्याचे कारण हाताच्या रचनेत आहे. उजवा अंगठा स्टिकपर्यंत सरळ खालून वर जात नाही, तो उजव्या कडेवरून तिरका येतो, आणि त्याची हालचाल मनगटाजवळच्या सांध्याभोवती कमानीत होते. अंगठा आखडला की त्याचे टोक नुसते खाली येत नाही, खाली आणि उजवीकडे येते. म्हणजे आपण मनात 'एलेव्हेटर' म्हणता आणि हात 'एलेव्हेटर व थोडे उजवे आयलेरॉन' देतो. उंचावर, वेग असताना ते लक्षात येत नाही, कारण नकळत दुरुस्तीही होत राहते. उतरताना वेग मंदावलेला असतो, उंची उरलेली नसते आणि एलेव्हेटर सर्वांत जास्त ओढलेले असते, म्हणून तो दोष तिथेच उघडा पडतो. लूप (हवेत उभे वर्तुळ) मारताना विमान दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल, तर तोही बहुधा याच तिरक्या ओढीचा परिणाम असतो.

मात्र पट्टी मध्यावरच राहिली, तर अंगठ्याला दोष देऊ नका आणि विमानाकडे वळा. भरपूर उंचीवर जाऊन थ्रॉटल पूर्ण बंद करा, स्टिक चिमटीत धरून एलेव्हेटर हळूहळू ओढत न्या आणि विमान स्टॉल होऊ द्या, म्हणजे वेग इतका कमी होऊ द्या की पंख त्याला पेलू शकणार नाहीत. तेव्हाही उजवाच पंख पडत असेल, तर पंखाला पीळ आहे किंवा उजवी बाजू जड आहे, असे समजावे. प्रोपेलरचा मध्य आणि शेपटीचे टोक दोन बोटांवर तोलून धरले की जड बाजू आपोआप खाली जाते, तेवढी तपासणी पुरेशी आहे.

आता चिमटीविषयी. आपल्याला आलेल्या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या चिमटीच्या नाहीत, ट्रान्समीटरला आधार नसल्याच्या आहेत. चिमटीने धरणाऱ्याने तो हातात उचलून धरायचाच नसतो. गळ्यातला पट्टा लावा आणि त्याची लांबी अशी ठेवा की कोपर साधारण काटकोनात राहील आणि तळव्याची करंगळीकडची कड ट्रान्समीटरच्या कडेवर नुसती टेकेल. मग भार मानेवर जातो आणि बोटे मोकळी होतात. अंगठ्याचे पेर स्टिकच्या माथ्यावर ठेवा आणि तर्जनी बाजूने, माथ्याच्या किंचित खाली लावा. मधले बोट तर्जनीच्या पाठीशी राहिले तर उत्तम. चिमटीत मीठ धरावे इतकाच दाब पुरे आहे. नखे पांढरी पडू लागली, तर आपण घट्ट धरले आहे.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ट्रान्समीटर गळ्यात लटकत असताना इंजिन सुरू करायला किंवा बॅटरी जोडायला विमानावर वाकू नका. पट्टा प्रोपेलरमध्ये जाऊ शकतो, आणि लोंबणारा ट्रान्समीटर कशाला तरी घासून थ्रॉटलची स्टिक वर सरकू शकते. माझ्या डाव्या तर्जनीवर या धड्याची खूण आहे. तेव्हापासून थ्रॉटल कटचा (थ्रॉटल बंद ठेवणारा) स्विच टाकल्याशिवाय मी विमानाजवळ जात नाही.

तिरकी_चाल

पश्चिमवारा सरांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे नेमका आहे आणि डिस्प्लेवरच्या पट्ट्यांची चाचणी प्रत्येकाने करावी हे मान्य, पण अंगठ्याची बाजू मांडणारा एक तरी प्रतिसाद या धाग्यावर असावा म्हणून लिहितो. मी १२ वर्षे अंगठ्यांनीच उडवतो आहे, आधी हेलिकॉप्टर आणि आता बहुतेक फ्लाइंग विंग (शेपटी नसलेली, नुसत्या पंखाची विमाने).

नवशिके अंगठ्याचे टोक स्टिकवर ठेवतात आणि तिथेच सगळे बिघडते. टोकाने स्टिक फक्त ढकलता येते, तिला परत आणण्याचे काम स्प्रिंगवर सोडावे लागते, आणि त्या परतीच्या वाटेवर विमान तुमच्या नव्हे, स्प्रिंगच्या ताब्यात असते. स्टिकचा खाचे असलेला माथा अंगठ्याच्या पेराच्या मधोमध, जिथे मांस जाड असते तिथे रुतला पाहिजे. मग ओढणे आणि ढकलणे दोन्ही अंगठाच करतो आणि तो माथ्यावरून कधीच उचलावा लागत नाही. स्टिक लांब असेल, तर अंगठा ताठ राहून हे जमत नाही, म्हणून अंगठेवाल्यांनी स्टिक आखूड करावी. माथ्याचे दोन भाग असतात. खालचा धरून वरचा उलटा फिरवला की सैल होतो, मग हवी ती उंची ठरवून दोन्ही एकमेकांवर पुन्हा आवळायचे. नीट आवळा, नाहीतर माथा उडताना हातात फिरू लागतो.

अंगठ्याचे दोन फायदे आहेत. चारही बोटे ट्रान्समीटरच्या पाठीशी राहिल्याने पट्ट्यावाचून पकड भक्कम राहते आणि तर्जनी वरच्या स्विचपर्यंत स्टिक न सोडता पोहोचते. आणि हाताने फेकून उडवायच्या विमानासाठी एका हातात ट्रान्समीटर धरावाच लागतो, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा थ्रॉटलवर असण्याला पर्याय नाही. चिमटीवालेसुद्धा त्या दोन सेकंदांपुरते अंगठेवाले होतात, फक्त ते कबूल करत नाहीत.

उणी बाजूही सांगतो. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने अंगठा घसरतो. मी माथ्यावर सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा ओढून बसवला आहे. आणि तिरक्या ओढीचा दोष अंगठ्यात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो सरावाने जातो, पण मलाही त्याला एक पूर्ण मोसम लागला.

श्टुटगार्टकर

जर्मनीत येईपर्यंत मीही पुण्यात अंगठ्यांनी उडवत होतो. इथल्या मैदानांवर जुन्या मंडळींकडे वेगळाच प्रकार पाहिला. त्याला पुल्ट म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ तिरके मेज. रुंद ट्रान्समीटर दोन खांद्यांवरच्या पट्ट्यांनी पोटासमोर आडवा टांगलेला असतो, दोन्ही बाजूंना तळवे टेकवायला जागा असते आणि स्टिक चांगल्या लांब असतात. ग्राउप्नर आणि मल्टिप्लेक्स या कंपन्यांनी असे ट्रान्समीटर वर्षानुवर्षे बनवले. हातात धरायचा ट्रान्समीटर असेल, तर लोक तो वेगळ्या ट्रेमध्ये बसवतात, म्हणजे तोच आराम मिळतो. प्लायवुड कापून असा ट्रे घरी करणे मुळीच अवघड नाही, आणि आपल्या हाताच्या मापाचा होतो हा वरचा लाभ.

स्टिकच्या लांबीचा हिशोब मात्र समजून घ्यावा, कारण चिमूट आणि लांबी यांची गाठ तिथे बसते. समजा स्टिक मध्यापासून २५ अंश कलते. बिजागरीपासून माथ्यापर्यंतचे अंतर ३० मिलिमीटर असेल, तर मध्यापासून टोकापर्यंत बोटाला सुमारे १३ मिलिमीटर सरकावे लागते. तेच अंतर ४० मिलिमीटर केले, तर सुमारे साडेसतरा. विमानाला मिळणारी आज्ञा तीच, परंतु ती देण्यासाठी बोटाला एक-तृतीयांश अधिक वाट मिळाली, म्हणजे तितकीच बारीक हालचाल करता आली. ती वाट अंगठा एकटा नीट कापू शकत नाही, चिमूट कापू शकते. मात्र स्टिक लांब केली की तीच स्प्रिंग बोटाला हलकी वाटू लागते आणि मध्य कुठे आहे ते हाताला कळेनासे होते. म्हणून लांबीबरोबर स्प्रिंगही थोडी घट्ट करावी. काही ट्रान्समीटरांत त्याचे स्क्रू मागच्या रबरी आवरणाखालीच मिळतात, बाकीच्यांत मागचे झाकण उघडावे लागते.

कोणी तुम्हाला सांगेल की हे सगळे एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या प्रतिसादाचा वक्र बदलणारे ट्रान्समीटरमधले सेटिंग, लावून सुटते. सुटत नाही. एक्स्पो मध्याजवळची हालचाल मऊ करतो आणि टोकाकडची तितकीच तीव्र करतो. तुमचे दुखणे तर एलेव्हेटर जवळजवळ पूर्ण ओढल्यानंतरचे आहे. आयलेरॉनला थोडा एक्स्पो दिल्याने अंगठ्याची नकळत होणारी तिरकी ओढ झाकली जाईल, पण हाताची सवय तशीच राहील. तरी लावणारच असाल, तर चिन्ह तपासा. फुटाबा कंपनीच्या ट्रान्समीटरवर उणे आकडा स्टिकला मऊ करतो, स्पेक्ट्रम कंपनीच्या ट्रान्समीटरवर अधिक आकडा. एकाचे आकडे दुसऱ्यावर तसेच उतरवणाऱ्याचे विमान मध्याजवळ पिसाळल्यासारखे वागते. आकड्यावर विसंबू नये, पडद्यावरचा आलेख मध्याजवळ आडवा होतो आहे ना, ते पाहावे.

नवशिका_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. चाचणी केली. अंगठ्याने ओढल्यावर आयलेरॉनची पट्टी दहापैकी आठ वेळा उजवीकडे सरकलेली सापडली, आणि दोनदा तर इतकी की मलाच विश्वास बसेना. चिमटीत ती जवळजवळ मध्यावर राहिली. उंचावर नेऊन स्टॉलही करून पाहिला, विमान सरळ नाक टाकते, पंख पडत नाही. म्हणजे काकांचे बरोबर होते. त्यांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले की पट्टा आण, आणि पट्टा आणल्यावर स्वतःच्या हाताने त्याची लांबी बसवून दिली.

या रविवारी पट्टा लावून उजवा हात चिमटीत ठेवला. पाच वेळा उतरवले, त्यांपैकी चारदा पंख सपाट राहिले. पाचव्या वेळी बाजूचा वारा होता, त्यामुळे तो धरत नाही. पण एक नवीन अडचण आली आहे. डावा हातही चिमटीत धरला की रडर देताना थ्रॉटल एक-दोन खाचे वर-खाली होते, आणि अंगठ्याने मात्र तसे होत नाही. हे उलटेच झाले ना?

पश्चिमवारा

उलटे नाही. उजव्या स्टिकला दोन्ही दिशांना स्प्रिंग आहे, त्यामुळे बोटे हलकी झाली की ती आपण होऊन मध्यावर येते. थ्रॉटलला उभ्या दिशेत स्प्रिंग नसून खाचांची पट्टी आहे, त्यामुळे चिमटीचा जराही उभा दाब पडला तर स्टिक तिथेच सरकून बसते. आपण डाव्या हाताने अजून घट्ट धरत असाल. दोन्ही हातांनी एकसारखेच धरले पाहिजे असा नियम नाही. माझ्या ओळखीचे अनेक जण उजवा हात चिमटीत आणि डावा अंगठ्याने ठेवतात, आणि ट्रेनरवर रडरचे काम थोडेच असल्याने त्यांचे काही अडत नाही. सध्या तसेच ठेवा. बाजूच्या वाऱ्यात उतरवायला लागाल, तेव्हा रडर आणि थ्रॉटल दोन्ही एकदम हलवावे लागतील. त्या वेळी डावी तर्जनीही स्टिकच्या बाजूला आणून पाहा, आणि त्याआधी डिस्प्लेवरच्या तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीवर तीच डोळे मिटून करायची चाचणी करा.