पावसात लाईट जाते, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायचीय: लिथियम घेऊ की सोडियमसाठी थांबू?

वेळणेश्वरकर:
मंडळी, घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत पाच मिनिटं. घरूनच काम करतो. पाऊस सुरू झाला की कुठेतरी माडाची झावळ नाहीतर फणसाची फांदी लाईनवर पडते आणि मग सहा-आठ तास लाईट नाही, मध्येच तासभर येते, परत जाते. इन्व्हर्टरला १५० एएचची ट्यूब्युलर (लेड अ‍ॅसिड) आहे, चौथं वर्ष चालू, पाणी वेळेवर टॉप अप करतो (डिस्टिल्डच, बाबा विहिरीचं घालायचे ते बंद केलं) तरी आता दोन तासांत पीं पीं सुरू. टर्मिनलवर हिरवट पांढरं फूल येतं, गरम पाण्याने धुतलं तरी पंधरा दिवसांत परत. लोड काही फार नाही हो, लॅपटॉप ४० वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, बीएलडीसी पंखा ३०. दुकानदार म्हणतो लिथियम घ्या, भाऊ म्हणतो आता सोडियमच्या बॅटऱ्या येतायत, स्वस्त पडतील, थांब. काय करू?

रत्नांग्रीचा अण्णा:
ट्यूब्युलरच घे. जुनी दिलीस की शिशाचे पैसे वजा होतात, गावातला कोणीही वायरमन बघू शकतो. लिथियम बंद पडली की डबा घेऊन कुठे फिरणार आहेस?

सोल्डरवाला मालवण:
अण्णा तुमचं भंगाराचं बरोबर आहे, पण याची बॅटरी पाण्यामुळे नाही मेली, अर्धवट चार्जिंगमुळे मेलीय. लेड अ‍ॅसिडला शेवटचे २० टक्के भरायला तासन्‌तास लागतात आणि पावसात लाईट तेवढी टिकतच नाही, मग ती महिना महिना अर्धपोटी राहते, प्लेटवर सल्फेट धरतं आणि ते घट्ट झालं की कपॅसिटी गेलीच. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हिला अर्धवट राहिलं तरी काही फरक पडत नाही, लाईट तासभर आली तरी जेवढं मिळेल तेवढं पटकन ओढून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्याला हा एकच मुद्दा माझ्या मते पुरेसा आहे, बाकी ती दोन-तीन हजार चार्ज-डिस्चार्ज सायकल वगैरे जाहिरात बाजूला ठेवा. आणि स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ बघून घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम) केमिस्ट्रीच्या असतात, एलएफपी त्यापेक्षा बरीच शांत. वायरिंग ढिलं ठेवलं तर मात्र काहीही पेटेल.

सोडियमचं म्हणाल तर थट्टा नाही ती. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने २०२१ ला पहिली दाखवली तेव्हा किलोला १६० वॅट-अवर होती, पुण्याच्या केपीआयटीनेही २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्वतःचं तंत्रज्ञान जाहीर केलं. पण तिचा एक सेल १.५ पासून ४ व्होल्टपर्यंत हलतो, चार सेलचा पॅक म्हणजे ६ ते १६. तुमचा इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास कट मारणार, म्हणजे खालचा माल आतच राहिला. आणि तिची खरी कमाल थंडीत, वेळणेश्वरला कसली थंडी?

कुडाळचो बाबलो:
मेल्या, सोडियम म्हणजे मीठच मा? तुझ्या टर्मिनलार आधीच जमला हा, आणि कित्याक इकत घेतस 😂

दिवेआगरची ताई:
आमचा छोटा होमस्टे आहे. २०२० ला ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा कित्येक दिवस अंधारात काढले, नंतर एलएफपी घेतली, १०० एएच. माझी चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. जुन्याच इन्व्हर्टरला जोडली आणि सेटिंग ट्यूब्युलरवरच राहिलं. तो अधूनमधून इक्वलायझिंग की काय म्हणून १५ व्होल्टच्या वर नेतो, हिला १४.६ च्या वर चालत नाही, मग आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) फटकन तोडतं. पाहुणे जेवायला बसलेले, लाईट गेली आणि इन्व्हर्टरही गप्प, ताटात सुरमई आणि वर काळोख. सेटिंग बदलल्यावर दोन पावसाळे झाले, तक्रार नाही. तुमच्या इन्व्हर्टरवर लिथियम मोड नसेल तर आधी तेच बघा.

सोल्डरवाला मालवण:
ताईंनी लाखातलं सांगितलं. आणखी एक, खारी हवा. माझ्याकडे आलेला एक पॅक उघडला तर सेल चारही ठणठणीत, पण बीएमएसच्या बोर्डवर बारक्या वायरींच्या कनेक्टरला हिरवं चढलेलं, एक पिन तर कापसासारखी भुसभुशीत. घेताना बोर्डवर कोटिंग आहे का विचारा, डबा खिडकीखाली ठेवू नका, टर्मिनल घट्ट करून वरून पेट्रोलियम जेली.

आता वेळणेश्वरकर दादा, खरी गंमत. तुम्ही १२ व्होल्टचे २३० करताय आणि राउटरचा अ‍ॅडॉप्टर २३० चे परत १२ करतोय. त्या १५ वॅटसाठी इन्व्हर्टर स्वतः २० वॅट खातो. राउटर आणि फायबरचा डबा एका १२ व्होल्टच्या बक-बूस्ट कन्व्हर्टरवरून (बॅटरी वरखाली झाली तरी बाहेर १२ च देतो) थेट बॅटरीला घ्या (सरळ जोडू नका, चार्जिंगला १४.६ जातं). लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल तर गाडीत लावतात तो ६५ वॅटचा पीडी चार्जर, तो १२ वरच चालतो. प्रत्येक वायरला बॅटरीजवळ फ्यूज. १०० एएचच्या एलएफपीतून वापरता येतात साधारण ११५० वॅट-अवर, सगळं इन्व्हर्टरवरून चालवलंत तर दहा तास, पंखा बंद ठेवून हे दोन थेट घेतलेत तर अठराच्या आसपास.

रत्नांग्रीचा अण्णा:
पंखा बंद ठेवून कोकणात अठरा तास बसून दाखव रे.

सोल्डरवाला मालवण:
अण्णा 🙏 १२ व्होल्टचा डीसी टेबल फॅन मिळतो.

वेळणेश्वरकर:
काल रात्री सगळे प्लग काढून इन्व्हर्टर नुसता बॅटरीवर ठेवला, शेजारच्या वायरमनकडून डीसी क्लॅम्प मीटर आणून वायरला लावला. १.७ अँपिअर. काहीही न जोडता! म्हणजे २१ वॅट, माझ्या राउटर आणि डब्यापेक्षा जास्त. चार वर्षं मी त्यालाच पोसत होतो. इन्व्हर्टरवर लिथियम मोड नाहीये, पण मागच्या स्विचवर जेल आणि ट्यूब्युलर असं लिहिलंय, जेलवर ठेवून १४.२ आले. ताई, तुमचा किती दाखवतो?