मेंडेल्सोनचं ऑक्टेट रेकॉर्ड करताना – अनुभव धागा

जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची आठ तंतुवाद्यांसाठीची रचना. इ-फ्लॅट मेजर, 1825. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. बैठक, माइक, एडिटिंग यात काय जमतं आणि कुठे फसतं ते लिहा. कौतुक पुष्कळ झालंय, मापं द्या.

खर्ज: दोन चौकड्या समोरासमोर बसवू नका. श्पोर या संगीतकाराच्या दुहेरी क्वार्टेटला (दोन स्वतंत्र चौकड्यांच्या रचनेला) ती बैठक शोभते. इथे आठही जण एकाच वाद्यमेळाचे आहेत. शिवाय उजवीकडच्या व्हायोलिनचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं आणि आवाज बोथट येतो. चारही व्हायोलिन डावीकडे, मध्ये व्हायोला, उजव्या टोकाला चेलो.

कानसेन: मुख्य माइकची जोडी ओआरटीएफ पद्धतीची (दोन माइक ठरावीक अंतर-कोनात): 17 सेंटिमीटर अंतर, 110 अंशांचा कोन, उंची अडीच-तीन मीटर. त्यातच तोल साधला पाहिजे. स्पॉट माइक (एखाद्या वाद्याजवळचे जादा माइक) फार तर व्हायोला आणि चेलोंना, तेही हळू. मुख्य जोडी स्पॉटपेक्षा 3 मीटर लांब असेल तर स्पॉटला साधारण 9 मिलिसेकंद उशीर द्या. नाही दिला तर चेलो मेळातून उठून पुढे येऊन बसतो.

गजराज: स्केर्झो (तिसरा, चपळ भाग) सगळा पियानिसिमो आणि स्टॅकाटो, म्हणजे अगदी हळू आवाजात आणि तुटक. एसी बंद, करकरणाऱ्या खुर्च्या बाहेर, पानं उलटण्याच्या जागा आधीच ठरवलेल्या. 24 बिटवर रेकॉर्डिंगचं शिखर (सर्वात मोठा आवाज) उणे 10 डेसिबलला ठेवलं तरी भागतं. मास्टरिंगला (रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्काराला) मात्र ‘ऐकू येत नाही’ म्हणून तो वर ओढायचा नाही. पियानो (हळू) आणि फोर्टे (जोरात) काटेकोर वेगळे ठेवा, असं मेंडेल्सोननंच स्वरलिपीवर बजावलंय!

खर्ज: शेवटच्या प्रेस्टोचं (अतिजलद भागाचं) राहिलंच. फ्युगाटो (एकच धून वाद्यं एकामागून एक उचलतात तो भाग) दुसऱ्या चेलोपासून सुरू होऊन एकेक वाद्य घेत वर चढतो. मंच पोकळ असेल तर चेलोच्या टेकूतून (जमिनीवर टेकणाऱ्या दांड्यातून) फळ्या घुमतात आणि त्या जलद खालच्या सुरांचा नुसता गाळ होतो. टेकूखाली जाड रबर घाला, नाहीतर चेलो मंचाच्या भक्कम कडेला सरकवा. नंतर ईक्यूनं (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) खालचे सूर कापले तर चेलोचा दमच जातो.

तुकडेजोड: एमर्सन क्वार्टेट या अमेरिकन चौकडीनं चौघांतच आठही भाग थरावर थर चढवून रेकॉर्ड केले, हे खरं. पण पहिल्या थरातली लय दुसऱ्याला मुकाट पाळावी लागते. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. साधा पॅच (चुकलेल्या जागेचा पुन्हा वाजवलेला तुकडा) घेतानाही जोडाच्या निदान आठ मात्रा आधीपासून वाजवा. मागच्या सुरांची आस हॉलमध्ये नसेल तर सांधा लगेच कळतो.