२४० फॉर्म भरले, वस्ती कळली का?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सातवा प्रश्न
एमए समाजशास्त्राचं दुसरं वर्ष. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत महिनाभर प्रश्नावली घेऊन फिरले. सातवा प्रश्न होता, 'आपण कोणते काम करता?' एक मावशी म्हणाल्या, "काई नाई वं, घरीच रायतो." मी 'गृहिणी'वर टिक मारली. चहाला थांबले तेव्हा दिसलं, बोलताबोलता त्यांचे हात ब्लाउजला हुक लावत होते. बाजूला ढीग. नगावर पैसे मिळतात म्हणे. पण त्यांच्या हिशेबी ते 'काम' नाही, आणि माझ्या फॉर्मच्या हिशेबीही नाही.

माझं मत : प्रश्नावलीने समाज मोजता येतो, कळत नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या रामपुरा गावात जाऊन राहिले. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला आग लागून त्यांच्या नोंदी जळाल्या, तरी आठवणींवर १९७६ मध्ये 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हे पुस्तक उभं राहिलं. माझे फॉर्म जळाले तर माझ्याकडे काय उरेल? त्या मावशीच.

निवृत्त आकडेवाला
ताई, दोष फॉर्मचा नाही, सातव्या प्रश्नाचा आहे. 'काम' म्हटलं की बाईला पगार ऐकू येतो. म्हणूनच वेळेचा हिशेब विचारायचा असतो : काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात तसंच विचारलं. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषाची ९७. हा फरक देशभर आहे हे एका मावशीच्या ओट्यावर बसून कळलं असतं का?

दुसरं, घरं कशी निवडली? दुपारी गेलात ना? दुपारी जे घरी सापडतात तेच तुमचा 'समाज' होतात. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने लोकांचा कल बघायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि निकाल लँडन या उमेदवाराच्या बाजूने सांगितला. निवडून आले रूझवेल्ट. पत्ते टेलिफोन आणि मोटारवाल्यांचे होते. तेव्हा २४० असो की २३ लाख, आधी निवड सांगा.

बर्डीचा राजा
मार्क्स कुठी गेला बे? 😄 नगावर पैसे म्हटल्यावर पहिले तोच आठवला पायजे होता.

इंदोऱ्याची लेक
श्रीनिवासांचं कौतुक जरा जपून. ते तिथे गावच्या मुखियाच्या आश्रयाने राहिले, आणि गाव जास्त करून वरच्या जातींच्या अंगाने दिसलं हे त्यांनी स्वतःच मान्य केलंय. राहिलं की कळतं हे ठीक, पण राहिले कुणाकडे? दीक्षाभूमीच्या गावात हा प्रश्न पहिला यायला हवा. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात जातींवर निबंध वाचला तेव्हा हातात प्रश्नावली नव्हती, कुणाच्या वाड्यात मुक्कामही नव्हता. तरी जातीची किल्ली जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे हे त्यांनी मांडलं. पद्धत पद्धत काय करता, बघणारा कुठे उभा आहे ते बघा.

निवृत्त आकडेवाला
बाबासाहेबांसारखी बुद्धी सगळ्यांना असती तर पद्धतच लागली नसती. आपल्यासारख्यांना लागते.

यवतमाळचा
काका, आकड्यावर एवढा भरवसा काऊन? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवर पुस्तक लिहिलं ते सरकारी आकड्यांवर. १९६७ मध्ये जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विचारलं, हे मरण आत्महत्या म्हणून लिहिलं कोणी?

आमच्याकडे ते डोळ्याने दिसते. शेतकरी गेला की प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा पाहून १ लाखाची मदत. बिनपरवाना सावकाराकडून उचल घेतली असेल तर कागद कुठून आणणार? आणि जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या बाईचं सातबाऱ्यावर नावच नसते, मंग ती शेतकरी कशी ठरणार? असा आकडा मोजलेला नसते भाऊ, ठरवलेला असते.

निवृत्त आकडेवाला
मान्य. पण 'अपात्र' किती हेही कोणीतरी मोजलं म्हणूनच ओरड झाली. एकेका घरची कहाणी ऐकून कोणत्याही सरकारने नियम बदललेला मी नोकरीत पाहिला नाही.

यवतमाळचा
कहाणी ऐकल्याशिवाय 'अपात्र' मोजायचं सुचलं तरी कोणाले असतं?

बर्डीचा राजा
काका, आता चहा तुमच्याकडून.

सातवा प्रश्न
काका, दुपारीच गेले होते, बरोबर पकडलंत. आणि इंदोऱ्याच्या ताई, मीसुद्धा वस्तीतल्या एका नेत्याची ओळख घेऊनच शिरले होते. त्याने दाखवलेल्या गल्ल्यांतच फिरले, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रविवारी परत जाईन म्हणते. पण प्रश्नावली बदलायला गाईड तयार नाहीत. तिसरं प्रकरण जमा झालंय.

निवृत्त आकडेवाला
फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असा रकाना आहे का? असेल तर मावशींचे ब्लाउज तिथे लिहा. आम्हीही तिथेच लिहायचो. वर कोणी वाचत नसे.