मदत हवी आहे: कर्ल शून्य येतो, तरी लाइन इंटिग्रल २ पाय (π) कसं? (एस.वाय.बी.एस्सी., नाशिक)

नमस्कार. मी नाशिकला एस.वाय.ला आहे, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही घेतलंय. या आठवड्यात दोन्ही विषयांचा होमवर्क एकाच जागी येऊन अडकलाय. सोमवारी फळ्यावर सोडवून दाखवायचंय. आमचे सर प्रत्येक ओळीला "का?" विचारतात, त्यामुळे नुसतं उत्तर पाठ करून भागणार नाही.

मॅथ्सचं गणित: फील्डचा एक्स-घटक −वाय/(एक्स² + वाय²) आणि वाय-घटक एक्स/(एक्स² + वाय²). कर्ल (फील्ड बिंदूभोवती किती फिरतं ते) काढा, ओरिजिनभोवतीच्या १ त्रिज्येच्या वर्तुळावर लाइन इंटिग्रल (वाटेच्या दिशेनं फील्डची बेरीज) काढा आणि फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह (प्रत्येक बंद वाटेवर इंटिग्रल शून्य) आहे का ते कारणासह सांगा.

माझं काम इथवर झालंय. दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह सारखेच येतात, (वाय² − एक्स²)/(एक्स² + वाय²)². म्हणजे कर्ल शून्य. वर्तुळावर एक्स = कॉस टी, वाय = साइन टी घातलं की आत फक्त १ उरतो आणि इंटिग्रल २ पाय येतं. पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की कर्ल शून्य असेल तर बंद वाटेवरचं इंटिग्रल शून्य.

वर्तुळामुळे काही होतंय का बघायला चौरस घेतला, कोपरे (१,१), (−१,१), (−१,−१), (१,−१). उजव्या बाजूवर १/(१ + वाय²) चं −१ ते १ इंटिग्रल, म्हणजे पाय/२. चारही बाजू तशाच, बेरीज परत २ पाय. मग चौरस बाजूला सरकवला, एक्स १ ते २ आणि वाय ० ते १. खालची बाजू ०, उजवी टॅन इन्व्हर्स १/२, वरची टॅन इन्व्हर्स २ वजा पाय/४, डावी वजा पाय/४. टॅन इन्व्हर्स १/२ आणि टॅन इन्व्हर्स २ मिळून पाय/२ होतात, म्हणून एकूण शून्य!

फिजिक्सचं गणित: लांब सरळ तारेत ५ अँपिअर करंट, २ सेंटिमीटरवर चुंबकीय क्षेत्र किती? ते ५० मायक्रोटेस्ला आलं. पुढे विचारलंय की तारेबाहेर कर्ल शून्य असताना अँपिअरच्या नियमात (बंद वाटेवर चुंबकीय क्षेत्राचं इंटिग्रल = म्यू नॉट हा स्थिरांक गुणिले आतला करंट आय) उजवीकडे म्यू नॉट गुणिले आय कुठून आलं. हे तर मॅथ्सचंच फील्ड, फक्त पुढे एक आकडा गुणलेला. कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद, निवृत्त प्राध्यापक:

बाळ, चौरस सरकवून पाहिलास हे फार चांगलं केलंस, उत्तर त्यातच आहे. पहिल्या चौरसाच्या पोटात ओरिजिन आहे, दुसऱ्याच्या नाही.

ओरिजिनला हे फील्डच नाही, छेद शून्य होतो. पुस्तकातलं विधान नीट वाच, त्याला एक अट असते: प्रदेश सलग हवा, मधे भोक नको. ग्रीनचं थिअरम वाटेच्या आतल्या सगळ्या क्षेत्रफळावर कर्लची बेरीज घेतं. आतल्या एका जरी बिंदूवर फील्ड नसेल, तर ती बेरीज घ्यायचा अधिकारच राहत नाही. परीक्षेत मुलं ही अट गाळतात आणि तिथेच गुण जातात.

आता २ पाय कुठून येतं? थीटा = टॅन इन्व्हर्स (वाय/एक्स) घे आणि ग्रेडियंट काढ. हेच फील्ड मिळेल. म्हणजे हे लाइन इंटिग्रल वाटेवर कोन एकूण किती बदलला ते मोजतं. तू नाशिकची आहेस म्हणून सांगतो. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करताना नजर सतत शिखरावर ठेव. कुशावर्तापासून निघून परत कुशावर्ताला येईपर्यंत तुझी नजर पूर्ण एक वेढा फिरलेली असते. त्याऐवजी त्र्यंबकच्या स्टँडवरून देवळात जाऊन परत आलीस, तर शिखराची दिशा वाटेत थोडी इकडेतिकडे होते, पण शेवटी हिशेब शून्य. जागा दोन्ही वेळा तीच, कोनाचा जमाखर्च वेगळा.

म्हणून शेवटच्या भागाचं उत्तर असं लिही: ओरिजिन वगळलेल्या पूर्ण प्रतलावर फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह नाही. ओरिजिनपासून एका बाजूला अनंतापर्यंत रेघ कापून टाकली, तर उरलेल्या भागात आहे, कारण तिथे वेढा घालताच येत नाही. दोन्ही वाक्यं लिहायची.

जाता जाता: स्टोक्सचं थिअरम, म्हणजे ग्रीनच्या थिअरमचं त्रिमितीतलं रूप, स्टोक्सनं १८५४ साली केंब्रिजच्या एका स्पर्धा परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं होतं आणि ती परीक्षा देणाऱ्यांत पुढे विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा मॅक्सवेल होता. त्यामुळे सर "का?" विचारतात तर विचारू देत.

प्रतिसाद, सातपूरकर:

मी सातपूर एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. ताई, तुमचं गणित आम्ही रोज हातात धरतो. टाँग टेस्टर म्हणजे करंट मोजायचा चिमट्यासारखा मीटर; त्याचा जबडा उघडायचा, वायर आत घ्यायची, बंद करायचा. जबडा ही बंद वाट. वायर मध्यभागी असो की कडेला टेकलेली, रीडिंग जवळपास तेच येतं. वायर जबड्याबाहेर नुसती चिकटून असेल तर जवळजवळ शून्य. तुमचे दोन चौरस म्हणजे हेच.

आमच्याकडे नवीन आलेली पोरं कधी कधी अख्खी केबल जबड्यात घेतात, फेज आणि न्यूट्रल दोन्ही. मग मोटर जोरात चालू असूनही मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. अँपिअरच्या नियमातला आय म्हणजे वेढ्यातला निव्वळ करंट. हे फळ्यावर सांगा, वर्गाला लगेच पटेल.

५० मायक्रोटेस्ला बरोबर आहे. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, म्हणून एवढ्या तारेजवळ होकायंत्राची सुई चांगलीच वळते.

धागाकर्ती:

सर, दादा, खूप खूप आभार. कोनाचं एकदम लख्ख कळलं. फिजिक्सच्या गणिताला असं लिहितेय: तारेबाहेर करंट नाही म्हणून कर्ल शून्य; तारेच्या आत करंट डेन्सिटी आहे, तिथे कर्ल = म्यू नॉट गुणिले जे; वेढ्याच्या आतल्या क्षेत्रफळात तारेचा छेद येतो, म्हणून बेरीज म्यू नॉट गुणिले आय. चालेल ना?

पण एक शंका राहिली. पॉइंट चार्जचं विद्युत क्षेत्रही ओरिजिनला नसतं, तिथेही भोक आहेच. तरी तिथे प्रत्येक बंद वाटेवर इंटिग्रल शून्य का?

प्रतिसाद, निवृत्त प्राध्यापक:

चालेल, अगदी असंच लिही. आणि शंका पहिल्या प्रश्नापेक्षाही चांगली आहे.

तार ही दोन्हीकडे अनंतापर्यंत गेलेली रेघ. तिच्याभोवती दोरीचा फास टाकलास तर रेघेला न छेदता तो सोडवता येत नाही. पॉइंट चार्ज हा नुसता बिंदू. त्याच्याभोवतीचा फास वर उचलून अलगद बाजूला घेता येतो आणि आवळत आवळत शून्य करता येतो. त्रिमितीत बिंदू काढल्यानं बंद वाटा अडत नाहीत, म्हणून कर्ल शून्य असणं पुरतं. शिवाय तिथला पोटेन्शियल १/आर, तो फेरी मारल्यावर बदलत नाही, थीटा बदलतो.

मात्र बिंदू बंद पृष्ठभागाला अडवतो. चार्जभोवती फुगा असेल तर चार्जला न छेदता तो बाजूला नेता येत नाही. म्हणून १/आर² क्षेत्राचा डायव्हर्जन्स (बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पसरतं ते) चार्जबाहेर सगळीकडे शून्य असूनही फुग्यातून जाणारा फ्लक्स (पृष्ठभागातून आरपार जाणाऱ्या क्षेत्राची बेरीज) क्यू/एप्सिलॉन नॉट येतो; क्यू म्हणजे चार्ज, एप्सिलॉन नॉट हा स्थिरांक. तो गाउसचा नियम. सोमवारच्या आधी हे एक करून बघ: चार्ज घनाच्या केंद्राऐवजी कोपऱ्यावर ठेवला तर घनातून किती फ्लक्स जाईल? इंटिग्रल मांडू नकोस. त्या कोपऱ्याभोवती तसेच किती घन बसतात ते मोज आणि उत्तर इथेच टाक.

धागाकर्ती:

आठ घन बसतात. म्हणजे क्यू भागिले ८ एप्सिलॉन नॉट. चार्जला टेकलेल्या तीन बाजूंवर क्षेत्र बाजूला समांतर, तिथून फ्लक्स शून्य. उरलेल्या तीन सारख्या, प्रत्येकी क्यू भागिले २४ एप्सिलॉन नॉट.