आईसाठी पुण्यात नवा फॅमिली डॉक्टर : पहिल्या भेटीची तयारी कशी करावी?

कोथरूड_नवखी

आई (वय ६८) सांगलीहून कायमची कोथरूडला राहायला आली आहे. बीपी, शुगर आणि थायरॉईड, तिन्हींच्या गोळ्या चालू आहेत. जवळच्या एका एमडी मेडिसिन डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. प्रश्न असे:

१. पंधरा वर्षांच्या कागदांची मोठी पिशवी आहे. सगळी न्यायची का?
२. जाण्याआधी एखादं फुल बॉडी पॅकेज करून रिपोर्ट सोबत न्यावेत का?
३. त्या दिवशी सकाळच्या गोळ्या घ्यायच्या की डॉक्टरांना भेटेपर्यंत थांबायचं?
४. डॉक्टरांनी विचारलं की आई "बरं आहे" एवढंच म्हणते. यावर काय करता येईल?

---

गोळीबंद

औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागून जे दिसतं त्यावरून सांगतो. पिशवीपेक्षा एक कोरा कागद महत्त्वाचा. त्यावर आई *सध्या खरोखर* काय घेते ते लिहा. प्रिस्क्रिप्शनवर काय आहे ते नव्हे. या दोन याद्या क्वचितच जुळतात. कुठली गोळी महाग म्हणून दिवसाआड होते, कुठली "आता बरं वाटतंय" म्हणून बंद झालेली असते.

प्रत्येक गोळीसाठी चार गोष्टी लिहा: आतलं औषध, ताकद, दिवसातून कधी, कधीपासून. आतलं औषध म्हणजे स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते, उदा. टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ. ब्रँडचं नाव पुरत नाही. नावापुढच्या एका अक्षराने गोळी बदलते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे एएम असेल तर आत बहुधा अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषधही आहे, एच असेल तर लघवी वाढवणारं औषध. शुगरच्या जोडगोळीत १ किंवा २ हा आकडा सहसा ग्लिमेपिराइडचा असतो, तो चुकला तर डोस दुप्पट. थायरॉईडच्या डबीवरचा २५, ५०, १०० हा आकडा मायक्रोग्रॅमचा आहे. लोक मिलिग्रॅम लिहितात.

कागदाशिवाय स्ट्रिपा आणि डब्याही न्या. कापून कापून नाव गेलेली स्ट्रिप निरुपयोगी, म्हणून नाव शाबूत असलेली शोधा.

नवीन डॉक्टरांकडे हमखास होणारा घोटाळा: ते तेच औषध दुसऱ्या ब्रँडने लिहून देतात, घरी जुनी स्ट्रिप शिल्लक असते आणि पेशंट दोन्ही घेतो. तीन-चार दिवसांनी उठताना चक्कर. त्यामुळे भेटीनंतर आधी जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवा आणि कुठली गोळी कुठल्या गोळीच्या *जागी* आली ते त्याच कागदावर लिहून घ्या.

आणि ज्यांना कोणी "औषध" समजत नाही ते:

- गुडघ्यांसाठी अधूनमधून घेतलेली कॉम्बिफ्लॅम किंवा डायक्लोफेनॅक. दोन्ही बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात.
- ज्येष्ठमध असलेला काढा किंवा चूर्ण. रोज घेतलं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं.
- काचबिंदूचे थेंब. टिमोलॉल असेल तर नाडी मंदावते, दमा असेल तर वाढतो. डोळ्यात घालतात म्हणून कोणी सांगतच नाही.
- कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या. थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही आणि डॉक्टर उगाच डोस वाढवतात.
- कुणीतरी आणून दिलेल्या, लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. पुडी सोबत न्या आणि परस्पर बंद करू नका. स्टेरॉईड असेल तर ते टप्प्याटप्प्यानेच थांबवावं लागतं.

---

सेंट्रीफ्यूज

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, लॅबच्या बाजूने.

पॅकेज आधी करू नका. पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे मिळतात, पण या आईला लागणारी एक तपासणी बहुतेकदा त्यात नसते: लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. मधुमेहात मूत्रपिंडाचं बिघडणं त्यातच लवकर दिसतं. शिवाय बरेच आकडे एकदम काढले की एखादा तरी किंचित बाहेर येतोच आणि भेटीची निम्मी वेळ त्यावर जाते.

तीन महिन्यांतला रिपोर्ट नसेल आणि डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जायचं नसेल, तर एवढं पुरे: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज), उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, लघवीतलं ते प्रमाण. हिमोग्लोबिन का? लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा जास्त येऊ शकतो. पोटॅशियम अशासाठी की टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी ते वाढू शकतं. शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा.

रक्त देताना होणाऱ्या चुका:

उपाशी म्हणजे ८ तास, पाणी चालतं. बिनसाखरेचा चहा चालत नाही, त्यात दूध असतं. चौदा-पंधरा तास उपाशी ठेवणंही चूक.

थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद, नाहीतर टीएसएच चुकीचा येऊ शकतो.

शुगरची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. रक्त दिल्यावर नेहमीप्रमाणे गोळी, मग नेहमीचंच जेवण, आणि *पहिल्या घासापासून* दोन तास मोजा. जेवण संपल्यापासून नव्हे. पुष्कळ जण आकडा चांगला यावा म्हणून त्या दिवशी नुसती एक पोळी खातात. मग लॅबला कशाला यायचं, घरीच मनासारखा आकडा लिहावा.

आता डॉक्टरांच्या भेटीचा दिवस. तो रक्ताचा दिवस नाही, त्यामुळे सगळ्या गोळ्या नेहमीच्या वेळी. गोळ्या न घेता गेलात तर बीपी चढलेलं दिसेल आणि पुरेसा असलेला डोस वाढवला जाईल.

---

स्फिग्मो

बीपीबद्दल वर थोडक्यात आलंय, त्यात भर.

दवाखान्यातला एक आकडा कमी कामाचा. मंगळवारपर्यंत आठवडा आहे, तर घरी दंडाला बांधायच्या यंत्रावर मोजा. सकाळी गोळीआधी दोनदा आणि रात्री दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त धरतात. आकडे जसेच्या तसे लिहा. "साधारण १३०" चालणार नाही. यंत्रही सोबत न्या, डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहता येतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नको, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, बोलणं बंद. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वर येतो. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळून मोजलं तर बाहीच दंड आवळते. त्या दिवशी सैल बाही घाला. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं आणि उभं राहिल्यावरचंही बीपी मोजायला सांगा, गर्दीत हे राहून जातं. सहज निघणारी चप्पल घाला, मधुमेहात तळपाय बघायचेच असतात.

---

ओपीडी_नंबर_७

कागदांबद्दल. पिशवीतून हे वेगळं काढा: डिस्चार्ज कार्डं सगळी (कितीही जुनी), ऑपरेशनच्या नोंदी, शेवटचे दोन ईसीजी आणि सगळ्यात जुना एक, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), डोळ्यांच्या पडद्याचा शेवटचा रिपोर्ट, क्रिएटिनिन आणि एचबीए१सीचे पाच-सहा वर्षांतले आकडे. ताजं वर. जुन्या सर्दी-तापाच्या चिठ्ठ्या घरी. एक्स-रेची फिल्म नसली तरी चालेल, पण लेखी रिपोर्ट हवा.

ईसीजी थर्मल कागदावर असतो आणि वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो. झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने कागद काळा पडतो आणि ईसीजी कायमचा जातो.

सांगलीत अ‍ॅडमिट होत्या आणि कागद हरवले असतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. जपून ठेवायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं, तेव्हा लवकर करा.

चौथा प्रश्न. तुम्ही आईच्या वतीने बोलू नका, पण तिला आधी घरी विचारा, आणि आजाराचं नाव न घेता विचारा. "पित्त होतं का" याला हो येईल आणि गाडी तिथेच थांबेल. "जिना चढताना छातीत भरून येतं का, थांबलं की जातं का?" असं विचारा. आपल्याकडे हृदयाचं दुखणं पित्त आणि गॅस या नावांखाली वर्षानुवर्षं दडतं. (उत्तर हो आलं तर मंगळवारची वाट बघू नका. बसल्याजागी दुखत असेल तर सरळ १०८.) चक्करचंही तसंच: घर फिरतं, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? दोन्ही वेगळे.

अ‍ॅलर्जी सांगताना काय झालं ते सांगा. पुरळ, ओठ सुजणं, दम लागणं ही अ‍ॅलर्जी. गोळीने जुलाब झाले, हा दुष्परिणाम. सगळ्याला अ‍ॅलर्जी म्हटलं की चांगली अँटिबायोटिकं कायमची बाद होतात. घराण्यात वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्ट अ‍ॅटॅक आला असेल तर तेही सांगा.

आणि उपास! हे डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. सकाळी ग्लिमेपिराइड घेऊन संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नीट जेवण नाही, म्हणजे शुगर घसरायला मोकळं रान. वर दुपारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे आधी उसळी. महिन्यातले किती उपास, कुठले निर्जळी, हे लिहून न्या आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते लिहून घ्या.

---

कोथरूड_नवखी

सगळ्यांचे आभार. चतुर्थी आणि एकादशी दोन्ही असतात, म्हणजे हा मुद्दा आमच्यासाठीच आहे. आभा कार्ड लागेल का? आणि आई रात्री झोपेची अर्धी गोळी घेते, तीही सांगायची का? ती म्हणते, "एवढीशी तर आहे."

---

ओपीडी_नंबर_७

आभा म्हणजे १४ आकडी आरोग्य खातं. असलं तर रिपोर्ट जोडता येतात, नसलं म्हणून अडत नाही. तो विमा नव्हे. पाच लाखांचं वय वंदना कार्ड वेगळं, ते ७० पूर्ण झाल्यावर, आणि तेही अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी.

वेळ शक्यतो सकाळची घ्या, संध्याकाळी सातनंतर गर्दी असते. दवाखाना पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्टची चौकशी फोनवरच करा. रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, डॉक्टर कुठल्या हॉस्पिटलशी जोडलेले आहेत आणि गरज पडली तर घरी येतात का, हे तिन्ही पहिल्याच दिवशी विचारा.

---

गोळीबंद

झोपेची गोळी सांगायचीच, आणि तिचा आकडाही: अल्प्राझोलॅम असेल तर ०.२५ की ०.५, आणि किती वर्षं. ती शेड्यूल एच१ या कडक नियमांच्या औषधयादीत येते, आम्हाला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. सांगलीच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी सोबत ठेवा, नाहीतर नवीन डॉक्टर पहिल्याच भेटीत ती लिहायला कचरतील. तेही बरोबरच आहे, या वयात तिने रात्री पडायची भीती असते. पण रोज घेत असतील तर एकदम बंद करायची नाही, अर्धीची पाव कधी करायची ते डॉक्टर सांगतील. घरात किती गोळ्या उरल्यात ते आजच मोजा. मंगळवारच्या आधी संपत असतील तर भेट अलीकडे घ्या.