अनुभव धागा : पेट्रोल आणि गॅस, दोन्हींवर चालणारा घरगुती जनरेटर निवडताना

वळवाच्या वाऱ्यात तार तुटली, डीपी जळाली किंवा पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी दिवसभर पुरवठा बंद राहिला, तर इन्व्हर्टरची बॅटरी संध्याकाळपर्यंत तग धरत नाही, हे मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगायला नको. अशा वेळेसाठी अलीकडे दोन ते पाच केव्हीए (वीज पुरवण्याच्या क्षमतेचे माप) क्षमतेचे ‘ड्युअल फ्युएल’ जनरेटर विकले जातात. त्यांत पेट्रोलची टाकी असतेच, शिवाय एलपीजीची नळी जोडण्याची सोय असते. दोन इंधनांची ही कल्पना आपल्याला नवी नाही. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची यंत्रे एके काळी लग्नमंडपात आणि दुकानांत सर्रास असत. रेशनचे रॉकेल आटत गेले तशी तीही मागे पडली.

माझे मत आधीच मांडतो, म्हणजे ज्यांना ते खोडायचे असेल त्यांना सोयीचे होईल. यंत्रावरच्या केव्हीएच्या आकड्यावरून निवड करू नये. सुरू होताना सर्वाधिक वीज ओढणारे घरातले उपकरण कोणते आणि आपल्या गावात कायदेशीरपणे, खात्रीने मिळणारे इंधन कोणते, या दोन प्रश्नांवर निवड ठरावी. आठही जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपापले अनुभव लिहावेत. कंपन्यांची स्तुती नको. लोड, इंधन, जोडणी आणि देखभाल यांविषयी लिहिलेत तर इतरांच्या उपयोगी पडेल.
(छत्रपती संभाजीनगर)

लातूर, निवृत्त शिक्षक

२०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हापासून नळाला पाणी येण्याची वेळ हीच आमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची वेळ झाली आहे, आणि नेमकी तेव्हाच वीज नसेल तर हौदातले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने जनरेटर हा दिव्यांसाठी नसून मोटरीसाठी आहे. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीचे गणित ३७३ वॅट असे शाळेत शिकवले जाते, पण तो मोटरीच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा आकडा आहे. प्रत्यक्षात अशी मोटर पाचशे ते सहाशे वॅट ओढते, आणि सुरू होण्याच्या क्षणी तिचा प्रवाह नेहमीच्या तीन ते सहा पट होतो. कागदावर एक केव्हीएचे यंत्र पुरेसे दिसते. मोटर मात्र नुसती हुंकारते आणि फिरत नाही.

यावर मी केलेला उपाय साधा होता. घरची मोटर रिक्षात घालून दुकानात नेली, ती आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर चालवून दाखवा असे सांगितले, आणि दोन्ही वेळा क्लॅम्प मीटर (वायरीतला प्रवाह मोजणारे उपकरण) लावायला लावले. दुकानदार कुरकुरला, परंतु गॅसवर यंत्राची शक्ती पेट्रोलच्या तुलनेत दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते हे त्यालाही मान्य करावे लागले. याशिवाय समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मीटर उंचीला इंजिनाची शक्ती साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, लातूर पाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि मे महिन्याचा उन्हाळा त्यात आणखी थोडी वजाबाकी करतो. तेव्हा पाटीवर तीन हजार वॅट लिहिलेले असले तरी आमच्याकडे गॅसवर अडीच हजारांच्या आसपास मिळतील असे धरूनच मी यंत्र घेतले. कूलर, फ्रिज आणि मोटर एकाच वेळी सुरू करायची नाहीत, मोटर आधी आणि बाकीचे नंतर, हा नियम घरात सर्वांना पाठ आहे.

नांदेड

माझ्या आईला मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) लागतो. तो साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे लोड फार नाही. प्रश्न विजेच्या प्रतीचा आणि मधल्या खंडाचा आहे. साधा जनरेटर पन्नास हर्ट्‌झ राखण्यासाठी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर फिरतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की क्षणभर दबतो, तेव्हा व्होल्टेज व वारंवारता दोन्ही हलतात. इन्व्हर्टर पद्धतीच्या जनरेटरमध्ये आधी डीसी आणि मग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वच्छ एसी तयार होत असल्याने ही अडचण येत नाही, शिवाय लोड कमी असताना इंजिन आपोआप मंद चालते आणि आवाजही कमी होतो. किंमत बरीच जास्त आहे, तरी ज्यांच्या घरात वैद्यकीय उपकरण आहे त्यांनी तिथे काटकसर करू नये असे मला वाटते.

जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ भिंतीवरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी सांभाळतात. इथे एक बारकावा आहे. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. यूपीएस स्थितीत तो व्होल्टेजची अरुंद मर्यादाच स्वीकारतो, त्यामुळे साध्या जनरेटरची वीज नाकारून तो बॅटरीवरच चालत राहतो. घरच्यांना वाटते की जनरेटर चालू आहे, आणि आतमध्ये बॅटरी संपत आलेली असते. बटण नॉर्मलवर ठेवले की चार्जिंग सुरू होते. एवढे सगळे असूनही भरलेले ऑक्सिजन सिलिंडर घरात राखीव ठेवावेच लागते. यंत्रावर यंत्र रचून ती गरज संपत नाही.

अंबाजोगाई, खानावळ चालवणारी

वरच्या दोन्ही अनुभवांत सिलिंडर कोणते, हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी असते आणि ते जनरेटरला लावणे एलपीजीच्या २००० सालच्या पुरवठा व वितरण आदेशाविरुद्ध आहे. विक्रेता ‘घरचेच सिलिंडर लावा’ असे हसत सांगतो, पण तपासणी झाली किंवा दुर्घटना घडली तर उत्तर द्यायला तो येत नाही. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर किंवा बाजारभावाने मिळणारे पाच किलोचे छोटे सिलिंडर घ्यावे. माझ्याकडे खानावळीमुळे १९ किलोची सिलिंडरे असतातच, म्हणून गॅसवरचे यंत्र मला सोयीचे ठरले. ज्यांना निव्वळ जनरेटरसाठी नवी व्यावसायिक जोडणी घ्यावी लागेल, त्यांनी अनामत आणि सिलिंडरचा दर यांचा हिशेब आधी करावा.

खर्च कळण्यासाठी मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पाहते. दोन फ्रिज, पंखे आणि दिवे मिळून एक किलोवॅटच्या आसपास लोड असताना ताशी अर्ध्या किलोच्या आतबाहेर गॅस जातो. ऊर्जेच्या हिशेबाने एक लिटर पेट्रोलच्या बरोबरीला साधारण सातशे ग्रॅम गॅस लागतो, तेव्हा त्या दिवसाचे दोन्ही दर घेऊन कोणीही घरबसल्या तुलना करू शकेल. लहान सिलिंडरवर मोठा लोड टाकला तर गॅस जलद निघत असल्याने सिलिंडर गार पडते, बाहेरून घाम धरते आणि इंजिन अडखळू लागते. हिवाळ्यात पहाटे हे जास्त जाणवते. त्यावर उपाय मोठे सिलिंडर हाच आहे. सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा ते चुलीजवळ सरकवणे हा उपाय नव्हे, हे खानावळीतल्या पोरांना मला वारंवार सांगावे लागते.

जालना

माझे मत थोडे वेगळे आहे. पंखे, दिवे, वायफाय आणि एक टीव्ही एवढाच लोड असेल तर जनरेटर घेऊच नये. मोठी बॅटरी आणि चांगला इन्व्हर्टर पुरेसा होतो, आवाज नाही आणि इंधनाची धावपळही नाही. मात्र सौर पॅनेलबाबत एक गैरसमज दूर करावासा वाटतो. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, म्हणून आमच्या गल्लीत बऱ्याच घरांवर पॅनेल बसली. वीज गेली तरी आपल्याकडे दिवे राहतील अशी अनेकांची समजूत होती. बॅटरी नसलेली, वाहिनीला जोडलेली यंत्रणा पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद होते आणि ती तशी बंद होणे लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आवश्यकही असते. बॅटरीची जोड असलेली हायब्रिड यंत्रणा हा वेगळा आणि महाग प्रकार आहे.

परभणी, परवानाधारक वायरमन

सुरक्षेचा विषय निघालाच आहे म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये देणारे लोक मी आजही पाहतो. मेन स्विच पाडायचे विसरले तर ती वीज उलट्या मार्गाने डीपीपर्यंत जाते, तिथे व्होल्टेज चढून अकरा हजारांच्या लाइनवर येते आणि बंद समजून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. यालाच आम्ही रिटर्न करंट म्हणतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा चेंजओव्हर (घर एका वेळी वाहिनी किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) बसवल्याशिवाय मी कोणाचाही जनरेटर जोडून देत नाही, मग ते नात्यातले असोत. जनरेटरच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंगही हवे.

परदेशी बनावटीचे यंत्र ऑनलाइन मागवणाऱ्यांनी २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ हे दोन्ही आकडे पाटीवर वाचावेत. अमेरिकेच्या बाजारासाठीचे यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचे असते आणि त्याची गॅसची जोडणीही आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसत नाही. मग कोणीतरी जुगाड करून नळी आवळून देतो. त्या जुगाडाजवळ उभे राहायची माझी तयारी नाही.

परंडा, जि. धाराशिव

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचे पाणी शिवारात आणि वस्त्यांत शिरले, तेव्हा वीज नसताना पेट्रोलवर अवलंबून राहण्याचा अर्थ नीट कळला. रस्ते बंद झाले की टँकर येत नाही, आणि पेट्रोल पंपालाही इंधन उपसायला वीजच लागते. विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंतचे पेट्रोल योग्य भांड्यात ठेवायला परवाना लागत नाही, तरी घरात एवढे पेट्रोल ठेवणे मला पटत नाही. भरलेले सिलिंडर मात्र महिनोन्‌महिने तसेच राहते. दोन इंधनांच्या सोयीसाठी जास्त पैसे द्यावेत की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर या एका कारणासाठी ‘द्यावेत’ असे आहे.

पावसात यंत्र भिजू नये म्हणून ते ओसरीत किंवा जिन्याखाली ठेवण्याचा मोह होतो. गॅसवर चालवले की धूर निरुपद्रवी असतो ही समजूत चुकीची आहे. कार्बन मोनॉक्साइड दोन्ही इंधनांतून निघतो, त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. आम्ही घरापासून वीस फुटांवर, चारही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र ठेवले आहे, धुराचे तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खोलगट जागी साचतो, म्हणून जुन्या वाड्यातल्या पेवाजवळ किंवा तळघराच्या तोंडाशी सिलिंडर ठेवू नये आणि ते नेहमी उभेच ठेवावे.

उदगीर, इंजिन मेकॅनिक

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक जनरेटरांना झालेला आजार एकच असतो : महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते, आणि कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. यंत्र ठेवून द्यायचे असेल तर फ्युएल कॉक बंद करून ते आपोआप विझेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. गॅसवर चालणाऱ्याला हा त्रास नाही, ऑइलही उशिरा काळे पडते. तरीही नव्या यंत्राचे पहिले ऑइल वीस तासांनंतर आणि पुढे दर शंभर तासांनी बदलावे. महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे लोड देऊन चालवावे, आळीपाळीने दोन्ही इंधनांवर, नाहीतर गॅसच्या रेग्युलेटरचा पडदा ताठरला आहे हे नेमके अंधारात कळते. घेण्यापूर्वी त्या यंत्राचा एअर फिल्टर, प्लग आणि दोरीचा स्टार्टर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो का, एवढे विचारून घ्यावे.

हिंगोली, शेतकरी

आमच्याकडे गोबरगॅस आहे. याच यंत्राला तो जोडता येईल का?

उदगीर, इंजिन मेकॅनिक

दादा, तसाच जोडता येणार नाही. गोबरगॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी कितीतरी जास्त गॅस इंजिनात जावा लागतो, आणि एलपीजीचा जेट तेवढा गॅस सोडत नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो, तो आतले धातूचे भाग खातो. लोखंडाच्या किसाच्या फिल्टरमधून तो काढून, गॅस आणि हवा मिसळणारा मिक्सर वेगळा बसवून जुनी इंजिने चालवता येतात, परंतु नव्या यंत्रावर हा प्रयोग केला तर वॉरंटी जाईल. आपले जुने पेट्रोल-रॉकेलचे यंत्र पडून असेल तर ते घेऊन या, त्यावर पाहू.